दिवे मंद लागतात

२९ ऑगस्ट, शुक्रवार. कनेरगाव नाका

पहाटे साडेपाचला गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला तो थांबेचना. मी अनवाणीच पावसात पळालो. मनकर्णा दारातून ओरडली, "अहो, चोर आला का काय?" चोर कुठला! लिंबाखाली गाडी एकटी उभी, आणि वरातीत असल्यासारखी बोंबलून राहिलेली. दार उघडलं तर आत पाणी. डाव्या सीटच्या पुढं तर पायाचा घोटा बुडेल इतकं. बॅटरीची तार उपटली तेव्हा हॉर्न गप्प झाला. तोवर शेजारपाजारचे छत्र्या घेऊन गोळा झाले होते.

तीन दिवस झाले, पाऊस उघडायचं नाव घेत नाही.

एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, हिंगोली डेपोला. तिथं एक नियम होता. ड्यूटी संपवून गाडी आत लावली की दोषवहीत लिहायचं: ब्रेक कमी लागतो, टप गळतो, दिवे मंद लागतात. मग वर्कशॉपची माणसं ते वाचून काम करायची. रिटायर झालो त्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून काही लिहिलं नाही. आज वैष्णवीनं नांदेडहून आणून दिलेली कोरी डायरी काढली. लेक दवाखान्यात नर्स आहे, तिला अशा डायऱ्या फुकट मिळतात. म्हटलं, गाडीचे दोष तरी लिहून ठेवू.

तर दोष असे. हॉर्न आपोआप वाजतो. वायपर आपोआप फिरतात. चारी दारांची कुलपं खटाखट लागतात आणि उघडतात, कुणी हात न लावता. उजवा इंडिकेटर बंद होत नाही. डावी काच खाली जाते, वर येत नाही.

३० ऑगस्ट

पाणी कुठून आलं ते सापडलं. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या पट्टीत पाणी वाहून जायला जागा असते. तिथं लिंबाचा पाला साचून बूच बसलं होतं. पाणी तुंबलं, आणि हवा आत यायच्या वाटेनं सरळ आत उतरलं. म्हणजे चूक माझीच. सावली म्हणून लिंबाखाली लावत होतो.

लोटा घेऊन पाणी उपसलं. मनकर्णा जुनी लुगडी घेऊन आली आणि दोघं मिळून पुसत बसलो. ती म्हणाली, "आपल्या लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या एसटीत बसले होते, आठवते का? आत पाऊस पडून राहिला होता."

आठवतं तर! त्या गाडीच्या नंबरात शेवटी सहासष्ट होतं. टपाला पाच ठिकाणी भोकं. बाया आत छत्र्या उघडून बसायच्या. एक म्हातारा डोक्यावर तेलाचा रिकामा डबा उपडा धरून हिंगोलीपर्यंत आला होता, आणि वरून टपटप वाजत होतं तर सगळी गाडी हसत होती. पण त्या गाडीला पाण्यानं काही होत नसे. दोन तारा, एक बल्ब. ओली झाली की वाळायची आणि चालायची. आताच्या गाड्यांना पाणी लागलं की डोकं फिरतं.

१ सप्टेंबर

आज महालक्ष्म्यांचं जेवण. वैष्णवी दोन दिवस आली आहे. गाडी पाहून म्हणाली, "बाबा, मी नेते हिंगोलीला. नांदेडला रोज चालवते की मी."

मी म्हणालो, "माझ्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागला न्हाई, अन् लागणार न्हाई."

 पुरणाचं ताट वाढता वाढता तिनं मोबाईलचा टॉर्च एकदम माझ्या डोळ्यांवर धरला. आधी एका, मग दुसऱ्या. म्हटलं, "काय करून राहिली?" म्हणे, "काही न्हाई, सहज." मग आईकडं पाहिलं आणि दोघी आत गेल्या. नोकरीनं पोरीला नाही ती सवय लागली आहे.

४ सप्टेंबर

शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि हिंगोलीला नेली. रस्ताभर लख्ख ऊन, आणि वायपर चालूच. उजवा इंडिकेटर चालूच. मागचे ट्रकवाले वाट पाहून राहिले की हा आता वळतो, मग वळतो. एका ढाब्यावरची माणसं उठून उभी राहून हसली. एकतीस वर्षं या रस्त्यानं मान वर करून गेलो, आज खाली घालून गेलो.

किसनसिंगच्या शेडात लावली. किसनसिंग डेपोत इलेक्ट्रिशियन होता. माझ्यामागून दोन वर्षांनी रिटायर झाला, आता स्टेशनाकडच्या रस्त्यावर टिनाच्या शेडात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. दाढी पूर्ण पांढरी झाली आहे. मला पाहून म्हणाला, "क्या रे तातेराव, गाडी कयाधूच्या पुरातून पोहत आणली का?"

"पाणी शिरलं आतमंदी."

त्यानं चावी फिरवली. दारं खटाखट वाजली. तो हसला नाही. डोकं आत घालून डाव्या बाजूचं झाकण काढलं, फ्यूजच्या पेटीवर बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. "बघ. हिरवं आलंय. तांब्याला पाणी लागलं की असं. हे एका दिवसाचं न्हाई तातेराव. मुरत मुरत आलंय. तुला आज दिसलं."

आठ दिवस लागतील म्हणाला. मी एसटीनं परत आलो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो. नवा पोरगा होता, गिअर करकरवत टाकत होता. बोलणार होतो, तोवर कनेरगाव आलं.

९ सप्टेंबर

गाडी पाहायला हिंगोलीला गेलो. सीटा काढून भिंतीशी लावल्या होत्या, खालचं जाजम उन्हात पसरलं होतं. किसनसिंग म्हणाला, "ये, तुझं शेत दाखवतो." मागच्या सीटखाली मूग उगवले होते! उन्हाळ्यात पोतं नेलं होतं त्यातले सांडलेले असतील. दोन दोन पानं आलेली, अंधारात वाढल्यामुळं पिवळी. त्यानं उपटू दिले नाहीत. आधी फोटो काढला.

खरा दोष सापडला आहे. जाजमाखाली एका बोल्टला अर्थिंगची तार असते, ती गंजून तुटायला आली होती. सगळ्यांची परतीची वाट ती एकच. ती बिघडली म्हणून हॉर्नची वीज वायपरमध्ये आणि वायपरची कुलपात शिरून राहिली होती. किती सोपं! आणि मी म्हणत होतो, गाडी येडी झाली.

मी बसलोच होतो म्हणून म्हणाला, "त्या डब्यातून मला पंधराचा फ्यूज दे. निळा." मी दिला. त्यानं हातात घेऊन पाहिला. "हा तीसचा आहे. हिरवा. हा लावला तर वायर जळंल, फ्यूज उडणार न्हाई."

मी म्हणालो, "आजकाल माल नकली येतो. रंगच नीट देत न्हाईत."

"व्हय," म्हणाला तो. मग दुसरा हातात दिला. "यावर काय लिहिलंय?"

"पुसलंय."

त्यानं तो फ्यूज बराच वेळ चिमटीत धरून ठेवला. मग चहा मागवला आणि डेपोतल्या जुन्या गोष्टी काढल्या. मुक्कामी गाडीच्या टपावर झोपायचो त्या. शिरड शहापूरला मुक्काम असला की गावातलं कुणी ना कुणी भाकरी आणून द्यायचं. कोणी दिली ते कळायचं नाही, फडकं सकाळी थांब्याच्या खांबाला बांधून निघायचो, न्यायचं त्यानं न्यावं.

१३ सप्टेंबर

गाडी आणली. हॉर्न आपल्या मर्जीनं वाजत नाही. वायपर गप्प. कुलपं शहाणी झाली. काच वर येते. किसनसिंगनं पट्टीत जाळी बसवून दिली, पाला अडकू नये म्हणून.

एकच दोष राहिला. दिवे मंद लागतात. संध्याकाळी नाक्यापर्यंत नेऊन पाहिली. उजेड पडतो, पण धुरकट, आणि समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतं. काचेत ओल राहिली असणार. सोमवारी परत नेतो.

मनकर्णा सोबत होती. तिची ती सवय वाढत चालली आहे. "पुढं बैल हाये हं." "डाव्या अंगानं बाई चालली." "खड्डा हाये." मी चिडलो. म्हटलं, "तू कंडक्टर झाली का? मला दिसते."  अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा, "शेळ्या हायेत हं."

ही गाडी घेतली त्या दिवशी ती मागचं दार उघडून बसायला निघाली होती. मी म्हणालो होतो, मागं प्रवासी बसतात, तू पुढं ये. सात वर्षं झाली पुढं बसते. पहिली पाच वर्षं ती नुसती बाहेर पाहत बसायची. काही गाणंही म्हणायची हळू. आता बाहेर पाहत नाही. समोर पाहते, माझ्यापेक्षा जास्त.

१५ सप्टेंबर

मनकर्णाही सोबत आली होती. किसनसिंगनं दोन्ही बल्ब बदलले. म्हटलं, फरक नाही. काचा खोलून पुसल्या, वाळवल्या. फरक नाही. मग त्यानं शेडाचं शटर खाली ओढलं, अंधार केला, आणि दिवे समोरच्या भिंतीवर सोडले.

"कसा आहे?"

"पिवळा. धुरकट."

तो म्हणाला, "भाभी, तुमी सांगा."

मनकर्णा भिंतीकडं न पाहता माझ्याकडं पाहत म्हणाली, "लई उजेड हाये भाऊ."

मी म्हणालो, "तिला काय कळते दिव्यातलं?" किसनसिंगनं शटर वर केलं. मला म्हणाला, समोरच्या दुकानातून एक टेप घेऊन ये. मी आलो तर दोघं हळू बोलत उभे होते आणि मनकर्णा पदरानं तोंड पुसत होती. उकडत होतं शेडात.

निघताना म्हणाला, "दिवसा चालव, तातेराव. अंधार पडल्यावर नको. मला दोष सापडला की कळवतो."

त्याच्या हाताखालून दोष निसटलेला मी कधी पाहिला नाही. वय झालं त्याचंही.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंड्याला गेलो. मला खुर्ची दिली आणि नाव घेतलं, पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेले तातेराव. पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन पेपर उघडला, तर अक्षर इतकं फिकट की सोडून दिला. शाई वाचवून राहिले.

बिल्ल्याचं नाव घेतलं की मला सुदामभाऊ आठवतात. आज दिवसभर आठवले.

मी नवा होतो तेव्हा सुदामभाऊंनी मला रस्ता शिकवला. रस्ता म्हणजे वळणं नाही. कोणत्या गावाला कोणत्या वेळी गुरं सुटतात, कोणत्या शाळेची घंटा कधी होते, कोणत्या पुलावर पाणी किती चढलं की थांबायचं. चौसष्ट गावांची घड्याळं त्यांच्या डोक्यात. मी त्यांना सख्ख्या भावासारखा मान द्यायचो.

आमची डोळ्यांची तपासणी व्हायची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. एका वर्षी मी त्यांच्या मागं रांगेत होतो, तर ते तोंडातल्या तोंडात अक्षरं म्हणत होते. पाठ केली होती. डॉक्टरनं विचारलं आणि त्यांनी धडाधड म्हणून टाकली, तेही तक्त्याकडं नीट न पाहता. पास झाले. पंधरा दिवस मी झोपलो नाही. त्यांच्या गाडीत साठ माणसं बसायची. शेवटी मी साहेबांना सांगितलं. दुसरा तक्ता लावून तपासलं. त्यांना गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला.

ते निवृत्त होईपर्यंत मी रोज त्या गेटातून गाडी काढली. त्यांनी नंबर लिहिला, माझ्याकडं पाहिलं नाही. बोललेच नाहीत पुन्हा. वारले तेव्हा मी गेलो, पण दाराबाहेरच उभा राहिलो.

मी बरोबर केलं असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटतं. फक्त एक वाटतं, आधी त्यांच्याकडं जायला पाहिजे होतं. साहेबाकडं नाही. त्यांच्या घरी जाऊन बसायला पाहिजे होतं. माणसाला आपल्या डोळ्यांचं कळत कसं नाही, हे मात्र मला आजवर उमगलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

 अक्षर वेडंवाकडं येत आहे.

पुसेगावला मनकर्णाच्या भावाकडं पित्राचं जेवण होतं. दिवसा निघायचं ठरलं होतं, पण गप्पांत दिवस मावळला. मनकर्णा म्हणाली, "आज राहू इथंच." मी म्हणालो, "एवढ्याशा वाटेला काय राहायचं?"

दिवेलागणीची वेळ. समोरून ट्रक आला. त्याचा दिवा डोळ्यांत असा पसरला की सगळं पांढरं. मी वेग कमी केला, पण थांबलो नाही. मनकर्णा किंचाळली, "माणूस!" आणि तिनं माझा हात धरून स्टेअरिंग ओढलं. मी ब्रेकवर उभाच राहिलो. धप्प असा आवाज आला.

खाली उतरलो. सायकल आडवी, चाऱ्याचा भारा रस्ताभर, आणि माणूस कडेला बसलेला. सटवाजी. मी रोज सकाळच्या गाडीनं ज्याला हिंगोलीच्या शाळेत न्यायचो, तोच. आता त्याचीच पोरं शाळेत आहेत. गाडी सायकलच्या मागच्या चाकाला लागली होती, त्याला नाही. कोपर खरचटलं होतं.

मी म्हणालो, "सटवाजी, बाबा, माझ्या गाडीचे दिवे मंद लागतात रे. पाणी शिरलं व्हतं..."

तो उठून उभा राहिला. कपडे झटकले. रागावला नाही, तेच वाईट. हळूच म्हणाला, "काका, दिवे तर दुरून दिसून राहिले व्हते. म्या तुमचीच गाडी समजून कडेला सरकलो. म्या पांढरा सदरा घातलाय, काका."

तो पांढऱ्या सदऱ्यात माझ्यासमोर उभा होता, आणि गाडीचा उजेड त्याच्यावर पडला होता.

मनकर्णा आणि तो मिळून चारा गोळा करत होते. मी रस्त्यात उभा होतो. मग त्यांच्यासोबत खाली बसून पेंढ्या उचलल्या. पुढं गाडी कशी आणली ते लिहीत नाही. मनकर्णानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि पूर्ण वाटेवर बोलत होती. उजवीकडं घ्या. आता सरळ. आता हळू. मी ऐकत आलो.

२२ सप्टेंबर

सकाळी लवकर उठलो. घटस्थापनेची गडबड चालली होती, माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. घरामागच्या गोठ्यात भिंतीसमोर गाडी घातली, अंधार केला आणि दिवे लावले. किसनसिंग दोष शोधताना एकेक फ्यूज काढून पाहतो. मी एकेक डोळा झाकून पाहिला.

उजवा झाकला. भिंतीवरचा उजेड धुरकट, पण भिंतीच्या विटा दिसल्या.

डावा झाकला. भिंतच नव्हती. दूध सांडल्यासारखं काहीतरी होतं.

पुन्हा पाहिलं. चार वेळा पाहिलं. मग दिवे बंद करून तिथंच बसलो.

मनकर्णा शोधत आली. माझ्या बाजूच्या सीटवर बसली. मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं व्हत आली."

"किसनसिंगला कळलं?"

"त्यानं त्या दिवशी फ्यूज मागितला तवाच कळलं त्याला. वैष्णवीला तर महालक्ष्म्याला कळलं."

"मग मला सांगितलं काहून न्हाई?"

तिनं समोरच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाली, "सांगणार व्हते. रोज सांगणार व्हते. पर तुमी सकाळी गाडी पुसता, तवा तुमचा चेहरा मी पाहते. वाटलं, ही गाडी सुटली तर आठ दिवसांत म्हातारे व्हताल. म्हटलं, मी हाये न बाजूला. मी पाहत जाईन." मग म्हणाली, "माझंच चुकलं. सटवाजीला काही झालं असतं तर मला झालं असतं ते पाप."

मी म्हणालो, "तुला न्हाई."

ती दोन वर्षं माझ्यासाठी समोर पाहत होती, आणि मी तिला कंडक्टर म्हणालो.

सुदामभाऊंना काय झालं होतं ते आज कळलं. ते कुणाला फसवत नव्हते. अक्षरं पाठ केली तरी त्यांना वाटलं असेल, तक्त्याचा रंगच उडालाय.

चावी काढून मनकर्णाच्या हातात दिली. संध्याकाळी सटवाजीच्या घरी चालत गेलो. सांगितलं, दिवे चांगले आहेत, डोळे गेलेत, चूक माझी. त्याची म्हातारी आई म्हणाली, "बसा, चहा घ्या." मी घेतला.

२५ सप्टेंबर

वैष्णवी सुट्टी काढून आली. वाशीमला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, एसटीनंच. समोर तक्ता. डॉक्टर बाई तरुण होत्या, वैष्णवीच्या वयाच्या.

"वरची ओळ वाचा, काका."

वाचली.

"खालची?"

दोन अक्षरं वाचली.

"त्याखालची?"

मी ओळखू शकलो असतो. तक्ते सगळीकडं सारखेच, एकतीस वर्षं पाहिले आहेत. जिभेवर आलं होतं. मग म्हणालो, "दिसत न्हाई."

"प्रयत्न करा."

"न्हाई, बाई. दिसतच न्हाई."

आयुष्यात हे वाक्य पहिल्यांदा बोललो असेन. वैष्णवीनं मागून खांद्यावर हात ठेवला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकला आहे, तो आधी.

१० ऑक्टोबर

परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काल पट्टी काढली. लिहायला मनाई आहे, तरी चार ओळी.

पट्टी काढल्यावर समोर एक म्हातारी दिसली. कपाळावर केवढ्या सुरकुत्या, केस पांढरे. ती मनकर्णा. मी पाहतच राहिलो. ती म्हणाली, "काय पाहून राहिले?" मी म्हणालो, "काही न्हाई." तिच्या लुगड्याचा रंग निळा आहे. मी इतके दिवस करडा समजत होतो.

१४ ऑक्टोबर

किसनसिंग भेटायला आला. गाडीत बसला, दिवे लावून पाहिले, म्हणाला, "चांगले आहेत की रे." दोघं हसलो. मग मी विचारलं, "साहेबाकडं जाता आलं असतं तुला. आरटीओकडं. का न्हाई गेला?"

म्हणाला, "तू सुदामभाऊचं मला वीस वर्षं सांगतोस तातेराव. दर वेळी शेवटी म्हणतोस, आधी त्यांच्या घरी जायला पाहिजे व्हतं. म्हणून भाभीला सांगितलं."

मला वाटायचं, ती गोष्ट मी फक्त मनात म्हणतो.

२ नोव्हेंबर, रविवार. नांदेड

डावा डोळा डिसेंबरात. तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. नंतरही दिवसाचं, जवळचं, आणि तपासून घेऊन. मी कबूल केलं आहे.

वैष्णवी दिवाळीला आली होती. आज आम्हाला दोघांना चार दिवस नांदेडला घेऊन आली. गाडी तिनं चालवली. मी डाव्या बाजूला बसलो, मनकर्णा मागं. पहिले दहा किलोमीटर माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. वैष्णवीला दिसलं, पण हसली नाही. पोरगी चांगली चालवते. गिअर लोण्यासारखा टाकते. मी कधी तिला शिकवलं नाही. तिनं दोनदा विचारलं होतं, तेव्हा म्हणालो होतो, बायकांचं काम नाही. आज तिला म्हणालो, "चांगली चालवते तू." ती समोर पाहत राहिली. कान मात्र लाल झाले.

हिंगोली गेली, औंढा गेलं. या रस्त्यानं मी किती वेळा गेलो असेन! डोळे बांधूनही वळणं सांगेन. आणि आज खिडकीतून पाहतो तर रस्ता ओळखीचा, बाजूचं काहीच ओळखीचं नाही. शिरड शहापूर यायच्या अलीकडं तुरीच्या शेतापलीकडं चिंचेची झाडं दिसली आणि झाडांत दगडी कमान.

मी विचारलं, "हे काय आहे? नवं झालं का?"

मागून मनकर्णा म्हणाली, "बारव हाये ती. आपलं लगीन व्हायच्या आधीपासून हाये. लई जुनी."

"मी कशी पाहिली न्हाई?"

"तुमी रस्ता पाहायचे." मग म्हणाली, "वैष्णवीला भेटाया नांदेडला जायचे तवा मी तुमच्याच गाडीत खिडकीशी बसायचे. दर वेळी दिसायची. वाटायचं, एकदा उतरून पाहावी. पर एसटी कवा थांबते?"

मी वैष्णवीला म्हणालो, "गाडी बाजूला घे."

तिघं बांधावरून चालत गेलो. यंदाच्या पावसानं बारव वरपर्यंत भरली होती, चारच पायऱ्या कोरड्या होत्या. मनकर्णानं चप्पल काढून पायरीवर ठेवली आणि पाय पाण्यात सोडले. कमानीवर काही फुलं कोरलेली आहेत, पाकळ्या मोजता येतात. मी मोजल्या. आठ. डबा सोडला, भाकरी आणि ठेचा खाल्ला. मनकर्णा हळू काहीतरी गुणगुणत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा वैष्णवी उठली. "निघायचं का, बाबा? उशीर होईल."

मी म्हणालो, "बस जरा. तुझ्या आईचे पाय अजून पाण्यात आहेत."